घरबसल्या पदवी : तासांचा हिशोब आणि जिवाची काळजी

ऑनलाइन पदवीचा फॉर्म भरताना आपण फी बघतो, पात्रता बघतो, फोटो किती केबीचा हवा तेही बघतो. तासांचा हिशोब मात्र फारसं कोणी करत नाही. सहा महिन्यांनी जी दमछाक होते, तिचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं. म्हणून बाकी सगळ्याच्या आधी थोडी आकडेमोड करू.

मुक्त आणि ऑनलाइन शिक्षणात एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरतात. इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत हे वर्षानुवर्षं छापलेलं असतं, पण त्या पानावर कोणी थांबत नाही. या ३० तासांत व्हिडिओ बघणं, पुस्तक वाचणं, असाइनमेंट लिहिणं, उजळणी हे सगळं आलं. चार क्रेडिटचा एक विषय म्हणजे १२० तास. एम.ए.ला वर्षाला ३२ ते ४० क्रेडिट असतात, म्हणजे ९६० ते १,२०० तास. वर्षाचे आठवडे ५२ खरे. पण गणपती, दिवाळी, घरातलं एखादं लग्न आणि एखादं आजारपण वजा केलं की हाती ४४ राहतात असं धरून चाला. ३२ क्रेडिटला आठवड्याचे सुमारे २२ तास लागतात, ४० क्रेडिटला २७.

आता दुसरी बाजू. समजा, एक बाई बदलापूरहून रोज सीएसएमटीला नोकरीला जाते. आठवड्याचे १६८ तास. सात तास झोपेचे ४९ गेले. सहा दिवस रोज नऊ तास ऑफिस, ५४ गेले. लोकलचे जाऊन-येऊन तीन तास, १८ गेले. स्वयंपाक, आंघोळ, जेवण, बाजार, मुलांचा अभ्यास यांचे रोज चार तास धरले तर २८ गेले. उरले १९. टीव्ही लावलेला नाही, बहिणीला फोन केलेला नाही, रविवारी दुपारी आडवं झालेलं नाही, आणि तरीही २२ तास बसत नाहीत. ही बाई मार्चमध्ये स्वतःला आळशी म्हणू लागते, ‘आपल्याला जमणारच नाही’ असं ठरवून टाकते. तिच्यात काहीही कमी नसतं. वजाबाकी चुकलेली असते.

हीच ६४ क्रेडिटची एम.ए. तिनं दोनऐवजी तीन वर्षांत करायची ठरवली, तर आठवड्याचे १४-१५ तास पुरतात आणि चार तास हातात राहतात. मुक्त विद्यापीठांत ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे. अनेक अभ्यासक्रमांना किमान मुदतीच्या जवळपास दुप्पट कमाल मुदत असते, आणि या खेपेला किती पेपर द्यायचे हे विद्यार्थ्यानं ठरवायचं असतं. नोकरी, संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच ही विद्यापीठं निघाली. इग्नू १९८५ साली, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली. तिथली लवचीकता वापरणं हा तुमचा हक्क आहे. त्यात मागे पडल्यासारखं काही नाही.

२०२२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगानं एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे. कॉलेजची एक आणि ऑनलाइन किंवा दूरस्थ एक, असं करता येतं. त्या वाटेला जाणारी अनेक मुलं भेटतात. करता येतं म्हणून करू नका, एवढंच त्यांना सांगेन. दोन्हींचे तास मांडा, बेरीज पाहा, मग ठरवा. आणि बेरीज जमत असली तरी पहिल्या सत्रात कमीत कमी विषय घ्या. एक विषय पुरा केलेला विद्यार्थी पुढच्या वेळी तीन घेऊ शकतो. पाच घेऊन दोन सोडलेला मात्र सहसा परत येत नाही.

वेळ आणि जागा

कॉलेजला जाणाऱ्या मुलाला वेळेचं नियोजन जमतं असं आपल्याला वाटतं. खरं तर ते त्यानं केलेलंच नसतं. घंटा होते, सर येतात, शेजारचा वही उघडतो म्हणून हाही उघडतो; परीक्षा जवळ आली की सगळ्या कट्ट्यावर त्याचीच चर्चा सुरू होते. ऑनलाइन शिकणाऱ्याच्या वाट्याला यातलं काही येत नाही. हवं तेव्हा शिकता येतं ही सोय मोठीच. पण ज्या कामाला वार आणि वेळ नाही ते घरात मागे पडत जातं.

जस्टिन राइक आणि होसे रुईपेरेझ-व्हॅलिएंटे या अभ्यासकांनी हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची आकडेवारी २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली होती. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पुरा केला होता. मात्र प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या जवळ होतं. पैसे भरणारे मुळातच जास्त ठाम असतात, हे त्याचं एक कारण. तरी त्यातून घेण्यासारखं आहेच. ‘स्वयम्’ किंवा एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचांवर शिकणं मोफत आहे, परीक्षेला फी आहे. ज्यांना खरोखर तो विषय पुरा करायचा आहे त्यांनी परीक्षेची नोंदणी शेवटच्या दिवसावर ढकलू नये. परीक्षेची तारीख पक्की झाली की अभ्यासाला आपोआप वार मिळतो.

वेळ कोणती निवडावी? माझं मत स्पष्ट आहे. नोकरी करणाऱ्यानं आणि घर सांभाळणाऱ्या बाईनं पहाटेची वेळ धरावी, बाकी सगळे पर्याय तिच्यापुढे दुय्यम. रात्री जेवणं आटोपून, ओटा पुसून, मुलं झोपवून जो अभ्यास होतो त्यात डोळे पानावर असतात आणि मन दुसऱ्या दिवशीच्या डब्यात. पहाटे पावणेपाच ते सव्वासहा फोन येत नाही, बेल वाजत नाही, ऑफिसचा ग्रुप झोपलेला असतो. अट एकच : रात्री साडेनऊ-पावणेदहाला झोपायचं. तसं झोपता येत नसेल तर पहाटेचा हट्ट धरू नका. शिफ्टमध्ये काम करणारे, तान्ह्या बाळाच्या आया यांना हा सल्ला लागू नाही. त्यांनी दिवसातली जी वेळ आठवड्यातून चार वेळा तरी तशीच मिळेल ती धरावी. मग ती दुपारी अडीचची का असेना.

आणि जागा. दोन खोल्यांच्या घरात स्वतंत्र टेबल कुठून आणायचं, हा प्रश्न खोटा नाही. पण आपल्याकडे अभ्यासिका नावाची फार चांगली गोष्ट आहे आणि ऑनलाइन शिकणारे तिचा विचारच करत नाहीत. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिका एमपीएससीच्या मुलांनी भरलेल्या असतात. तालुक्याच्या गावीही नगरपालिकेची, वाचनालयाची किंवा एखाद्या मंडळाची अभ्यासिका निघाली आहे. मुंबईत वरळीला तर एक अख्खा रस्ताच ‘अभ्यास गल्ली’ म्हणून ओळखला जातो. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत जागा नाही म्हणून तिथल्या मुलांनी पिढ्यानपिढ्या रस्त्याच्या दिव्याखाली बसून अभ्यास केला आहे. ‘माझा कोर्स ऑनलाइन आहे, मला अभ्यासिका कशाला?’ असं विचारणाऱ्यांना मी म्हणतो, तुम्हालाच तर ती सगळ्यात जास्त हवी. आजूबाजूला वीस माणसं मान खाली घालून वाचत असली की आपलीही मान खाली जाते. महिन्याची फी परवडत नसेल तर फक्त शनिवार-रविवार कुठं बसता येईल ते विचारून बघा. तेही नाही जमलं तर घरात एक कोपरा ठरवा. पलंग नको. पलंगावर सुरू झालेला व्हिडिओ झोपेत संपतो.

लोकलमधला वेळ अभ्यासाचा म्हणून धरू नका, असंही सांगतो. बसायला मिळालं तर कालच्या नोट्सवर नजर टाका किंवा एखादं व्याख्यान पुन्हा ऐका. नवा भाग गर्दीत शिकायला घेऊ नका. आणि दारात उभं राहून मोबाइलमध्ये तर अजिबात बघू नका.

भिंतीवरचं वेळापत्रक

मोबाइलमध्ये नियोजनाची अॅप खूप आहेत. ज्याला त्यांचा उपयोग होतो त्यानं जरूर करावा. मला मात्र त्यांच्यात एक मोठी उणीव दिसते. अॅपमधलं वेळापत्रक फक्त तुम्हाला दिसतं, आणि तुमचा वेळ तर सगळ्या घराच्या हातात असतो.

कराडच्या माझ्या ओळखीतल्या एका विद्यार्थिनीनं यावर सरळ उपाय काढला. ती दिवसभर एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि इग्नूची एम.ए. करते. तिच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी ‘कालनिर्णय’ लटकतं. त्यावर दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, पाणी न येण्याचा वार हे सगळं आधीपासून लिहिलेलं असायचं. त्याच चौकटींत तिनं लाल पेनानं आपल्या तारखा लिहायला सुरुवात केली : असाइनमेंट कधी द्यायची, परीक्षेचा फॉर्म कधीपर्यंत, कुठल्या रविवारी समुपदेशन वर्ग. शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधीच्या चौकटीत ‘लिहून पूर्ण’ असं आणखी एकदा. महिनाभरात सासूबाई स्वतःहून विचारू लागल्या, “अगं, सोमवारी तुझं ते द्यायचंय ना? मग रविवारी माझ्या माहेरची मंडळी नकोत. पुढच्या आठवड्यात बोलावते.” तिनं कोणाला समजावलं नाही, वाद घातला नाही. दुधाच्या खाड्याशेजारी लिहिलेली तारीख ही घराची तारीख झाली.

तारखा लिहिताना वर्ष आपल्या सणवारांसकट समोर ठेवा. जुलैत सुरू होणाऱ्या सत्राच्या मध्यावर गणपती येतात, पाठोपाठ नवरात्र, आणि परीक्षेच्या आगेमागे दिवाळी. जानेवारीच्या सत्रात लगीनसराई आणि मुलांच्या परीक्षा. इग्नूच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात, म्हणजे जूनच्या परीक्षेची तयारी नेमकी एप्रिल-मेच्या लग्नांत आणि उन्हाच्या काहिलीत करायची. शेतीच्या घरात पेरणी आणि सुगीचे आठवडे वेगळे. हे दरवर्षीच येतं, तरी दरवर्षी आपल्याला ते अचानक आल्यासारखं वाटतं. वर्षाच्या सुरुवातीलाच हे आठवडे कॅलेंडरवर आडवी रेघ मारून बंद करा आणि त्यांतला अभ्यास आधीच्या तीन आठवड्यांत वाटून टाका. गणपतीत आरतीच्या वेळी लॅपटॉप उघडून बसणं कोणालाच जमत नाही, आणि तसं करूही नये.

एनपीटीईएलच्या विद्यार्थ्यांसाठी इथं एक उपयोगाची गोष्ट. १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला एक असाइनमेंट असते, पण गुण धरताना उत्तम ८ धरतात. आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम ६. एकूण गुणांत असाइनमेंटचा वाटा २५, परीक्षेचा ७५, आणि दोन्हींत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं. म्हणजे १२ आठवड्यांत चार हुकल्या तरी बिघडत नाही. होतं असं की पहिल्याच महिन्यात ‘चार सोडता येतात’ म्हणून तीन सोडल्या जातात, आणि मग ऑक्टोबरात ताप आला, आजोबांना दवाखान्यात ठेवावं लागलं की हातात काही उरत नाही. या चारपैकी एक गणपतीसाठी ठेवा. उरलेल्या तीनना शेवटच्या महिन्यापर्यंत हात लावू नका.

मुदतवाढीच्या आशेवरही राहू नका. विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘तारीख वाढणार आहे, पक्की बातमी’ असे मेसेज फिरतात. तारखा कधी कधी वाढतात हे खरं. पण संस्थेच्या संकेतस्थळावर परिपत्रक दिसेपर्यंत ती तारीख वाढलेली नसते.

व्हिडिओ संपला, अभ्यास राहिला

तास ठरले, जागा ठरली. आता त्या तासांत काय होतं ते बघू. कारण बरेच जण रोज दोन तास बसतात आणि हाती काही लागत नाही.

पडद्यावरचं व्याख्यान ऐकताना सगळं समजतंय असं वाटत राहतं. समोरचा माणूस नीट समजावत असतो, आकृत्या येत असतात, आपण मान हलवत असतो. दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं तर दोन वाक्यं सांगता येत नाहीत. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, महिन्यांनी असते.

तेव्हा तासाची मांडणी अशी करून बघा. वीस-पंचवीस मिनिटं व्हिडिओ किंवा पुस्तक. मग लॅपटॉपचं झाकण खाली, फोन उलटा, आणि साध्या वहीत आठवेल तेवढं मराठीत लिहायचं. मोडकंतोडकं चालेल. आठवत नाही तिथं रिकामी ओळ सोडायची. मग पुन्हा उघडून फक्त त्या रिकाम्या ओळी भरायच्या. व्हिडिओ लांब असेल तर तो तोडून घ्या. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरच्या लक्षावधी नोंदी तपासून फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिलं होतं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघणाऱ्याचं लक्ष साधारण सहा मिनिटांच्या आतच टिकतं. त्यामुळे पन्नास मिनिटांच्या व्याख्यानात मन भरकटलं म्हणून स्वतःवर चिडण्यात अर्थ नाही. थांबवा, लिहा, पुढे चला.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांशी इथं दोन शब्द वेगळे बोलायला हवेत. इंग्रजी व्याख्यान तुम्हाला दुप्पट वेळ घेणार, हे आधीच हिशोबात धरा. शहरातला मित्र दीडपट वेगानं व्हिडिओ पळवतो म्हणून तुम्ही पळवू नका. उलट वेग थोडा कमी करून पहिले चार आठवडे ऐका, कान बसतो. एनपीटीईएलच्या अनेक विषयांच्या व्याख्यानांचं लिखित रूप भारतीय भाषांत आणलेलं आहे, त्यात मराठीही आहे. आपल्या विषयाचं आहे का ते आधी तपासा. पारिभाषिक शब्द इंग्रजीतच पाठ करा, कारण परीक्षा त्यातच आहे. समजून मात्र मराठीत घ्या.

तयार असाइनमेंट विकत घेण्याबद्दलही स्पष्टच बोलतो. अभ्यास केंद्राजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात ती मिळते, आता चॅटजीपीटीही लिहून देतं. वेळ वाचतो असं वाटतं. पण वर्षभरात हातानं उत्तर लिहिण्याचा सराव होतो तो एवढाच, आणि परीक्षेत तीन तास हातानंच लिहायचं आहे. वेळ वाचवायचाच असेल तर एक पेपर पुढच्या खेपेला ठेवा. असाइनमेंट मात्र स्वतः लिहा.

नेट आणि विजेचंही थोडं बघायला हवं. रोजच्या डेटाची मर्यादा असली की उरलेला डेटा संपवायला लोक मध्यरात्रीपर्यंत जागतात. त्यापेक्षा रात्री झोपण्याआधी दुसऱ्या दिवशीचे व्हिडिओ उतरवून ठेवा आणि पहाटे नेट बंद करून बसा. व्हॉट्सअॅपही आपोआप गप्प राहतं. दुरुस्तीच्या कामांसाठी वीज जाण्याचा वार गावोगावी ठरलेला असतो, पुण्यात तो गुरुवार. त्या दिवशी छापील पुस्तक आणि लेखन. घरात एकच मोबाइल दोन भावंडांत असेल तर ‘स्वयम् प्रभा’च्या शैक्षणिक वाहिन्या टीव्हीवर मोफत दिसतात, त्यांचं वेळापत्रक बघून ठेवा.

“घरीच तर असतेस”

ऑनलाइन शिकणाऱ्याला, विशेषतः मुलींना आणि गृहिणींना, दिवसातून कितीदा तरी ऐकावं लागणारं हे वाक्य आहे. घरीच आहेस तर गॅसवाला येईल त्याला दार उघड. घरीच आहेस तर पिंटूला शाळेतून आण. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. कॉलेजला निघालेली मुलगी पायात चप्पल घालते, पिशवी घेते, ती निघाली हे सगळ्यांना दिसतं. लॅपटॉपपुढे बसलेली मुलगी मात्र मोकळीच दिसते.

यावर रोज भांडून उपयोग होत नाही. एकदाच, शांतपणे, सगळे जेवायला बसलेले असताना सांगा : या वेळेत मी वर्गात आहे. वेळ छोटी ठेवा, दीड तास. दिवसभर ‘मला अभ्यास आहे’ म्हणत राहिलात तर कोणी ऐकणार नाही. दीड तास सांगितला आणि तो संपताच स्वतः उठून भाजी चिरायला घेतली, तर पुढच्या आठवड्यापासून घर तो दीड तास पाळू लागतं. कामाची अदलाबदल मागायला संकोच करू नका. परीक्षेच्या महिन्यात सकाळचा चहा नवऱ्यानं, भांडी मुलानं, असं ठरवून घ्या. ज्या घरात मुलाच्या दहावीला सगळं घर हळू आवाजात बोलतं, त्या घरानं आईच्या परीक्षेलाही तेवढं करावं.

एक सोबतीही शोधा. अभ्यास केंद्रावरच्या वर्गाला जाऊन तोच पेपर देणाऱ्या एका-दोघांचे नंबर घ्या. दोनशे जणांच्या ग्रुपचा उपयोग थोडा आणि गोंधळ फार. आठवड्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी, दहा मिनिटांचा फोन : तुझं काय झालं, माझं काय राहिलं. तेवढं पुरतं. लोक मधेच सोडतात त्यामागे अभ्यास अवघड असतो हे कारण असतंच, पण आपण गैरहजर असल्याचं कोणाच्या लक्षातही येत नाही, हे त्याहून मोठं कारण मला वाटतं.

जिवाला जपा

झोपेतून तास काढू नका. परीक्षेच्या आधीच्या रात्री जागून वाचलेलं सकाळी आठवत नाही, हा अनुभव सगळ्यांचा आहे. तरी वर्षानुवर्षं आपण तेच करतो. प्रौढ माणसाला सात तास झोप लागते. वजाबाकीत ते सात तास सगळ्यात आधी काढून ठेवा.

पडद्याकडे बघताना पापण्या कमी मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीसेक फुटांवरच्या कशाकडे तरी वीस सेकंद बघा, असं नेत्रतज्ज्ञ सांगतात. खिडकीतून समोरच्या इमारतीची टाकी दिसली तरी चालेल. छोट्या मोबाइलवर तासन्‌तास मान वाकवून बघण्यापेक्षा जिथं शक्य आहे तिथं नोट्स छापून घ्या. दर तासाला उठा, पाणी प्या, गॅलरीत दोन फेऱ्या मारा. संध्याकाळी अर्धा तास चालणं हा अभ्यासाच्या वेळेचा भाग समजा.

आठवड्यातला एक अर्धा दिवस अभ्यासाला पूर्ण सुट्टी द्या आणि तोही ‘कालनिर्णय’वर लिहा. ऑनलाइन शिकणाऱ्याचा अभ्यास कधी संपतच नाही, कारण वर्ग सुटल्याची घंटा नसते. जेवताना, नातेवाइकांकडे गेल्यावर, सिनेमा बघताना मनात राहतं की आपण आत्ता वाचायला हवं होतं. हा ताण थकवतो फार आणि अभ्यास मात्र एक ओळही होत नाही. सुट्टी ठरलेली असली की ती निवांत घेता येते.

आणि मागे पडलात तर? चार आठवडे काहीच झालं नाही, पोर्टल उघडायचीही धास्ती वाटते, अशी वेळ येते. तेव्हा पहिल्या आठवड्यापासून सगळं भरून काढायला बसू नका. आज जो आठवडा चालू आहे त्याची असाइनमेंट आधी द्या, मग मागचं रोज थोडं घ्या. एखादा पेपर यंदा होणार नाही असं दिसलं तर तो आत्ताच बाजूला ठेवा आणि बाकीचे वाचवा. अभ्यास केंद्रात फोन करून काय पर्याय आहेत ते विचारा.

पण नुसती अभ्यासाची धास्ती नसून झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर परीक्षा बाजूला ठेवा आणि कोणाशी तरी बोला. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक मोबाइलमध्ये आजच जपून ठेवा, स्वतःसाठी नाही तर सोबत शिकणाऱ्या कोणासाठी तरी.

शेवटची विनंती विद्यार्थ्यांना नाही, त्यांच्या घरच्यांना आहे. तुमच्या घरात कोणी पहाटे उठून कानाला हेडफोन लावून वहीत काही लिहीत बसत असेल, तर तिला किंवा त्याला एकदा विचारा की परीक्षा कोणत्या महिन्यात आहे. आणि त्या महिन्यात त्यांच्या वाट्याचं एक काम उचला.